हजेरीपटावरची आडनावे

दर वर्षी कॉलेज उघडले की पहिला आठवडा मी हजेरी घेण्यात घालवतो. आमच्याकडे हजेरी नंबराने घेण्याची रीत आहे. एक, दोन, तीन म्हणत गेले की पाच मिनिटांत काम उरकते. पण मी पडलो मराठीचा मास्तर. आकड्यांपेक्षा आडनावांची गोडी मला अधिक. म्हणून पहिले चार-सहा दिवस मी नंबर बाजूला ठेवतो आणि चष्मा नाकावर नीट बसवून एकेक आडनाव पुकारतो. शेजारच्या वर्गातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, "तुमची हजेरी संपेपर्यंत माझा एक पाठ शिकवून होतो." सौ.चे म्हणणे याहून तिखट. ती म्हणते, "तुम्हांला वर्ग कशाला हवा? एखादी लग्नपत्रिका वाचायला दिली की पुरे."

हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. लातूरच्या आमच्या वर्गाची हजेरी म्हणजे मराठवाड्याचा कित्येक शतकांचा इतिहास साठ ओळींत लिहिलेला असतो. फक्त तो वाचता यायला हवा.

पाटील हे तर प्रत्येक बाकावर. जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकील’ असा शब्द येतो, त्याचा हा वंशज. देशमुख परगण्याचा प्रमुख, देशपांडे परगण्याचे दफ्तर सांभाळणारा, कुलकर्णी गावचे दफ्तर सांभाळणारा. एवढे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण ‘मालीपाटील’ हे आडनाव आले की वर्ग फसतो. मुलांना वाटते, हा बागेतला माळी. वस्तुतः निजामाच्या राज्यात गावाला पाटील दोन असत. एक पोलीस पाटील आणि दुसरा माली पाटील. ‘माल’ म्हणजे महसूल. सारा गोळा करणारा तो माली. ‘हिरेमठ’ ऐकले की मुलींना दागिने आठवतात. तिथे रत्नाचा काही संबंध नाही. कानडीत ‘हिरे’ म्हणजे मोठा, वडील. हिरेमठ म्हणजे थोरला मठ. आणि एकदा तर मीच फसलो. ‘चिंतावार’ हे आडनाव वाचून मी थट्टेने म्हणालो, "एवढ्या लहान वयात कसली चिंता?" ती मुलगी उभी राहून शांतपणे म्हणाली, "सर, तेलुगूत चिंता म्हणजे चिंच." वर्गात जो हशा पिकला, तो आडनावाला नव्हता, मला होता. त्या दिवसापासून मी तेलुगूचा कोश टेबलावर ठेवू लागलो.

त्या कोशाने मला पुष्कळ गंमत दाखवली. मामिडवारांच्या घरात आंबा आहे, कारण ‘मामिडि’ म्हणजे आंबा. कोत्तावार म्हणजे नवे, येरावार म्हणजे तांबडे. गादेवारांच्या नावात धान्याची कणगी आहे. मराठी कानाला निरर्थक वाटणारी ही आडनावे सीमेपलीकडच्या माणसाला बागेसारखी, घरासारखी ओळखीची वाटतात.

माझे स्वतःचे आडनाव ‘कर’ने संपते. मुखेड तालुक्यातल्या एका गावावरून ते आले. त्या गावात आज आमचे घर नाही, शेत नाही. मारुतीच्या देवळामागची एक पडकी भिंत तेवढी "ही तुमची" म्हणून दाखवतात. तरी या ‘कर’चा मला फार अभिमान होता. होता म्हणतो, कारण पुढे जे घडले त्याने तो जरा उतरला. वर्गात मी मुलांना सांगत असे, "अरे, ‘कर’ लावणे ही राजांची रीत आहे." आणि ते खोटेही नाही. राष्ट्रकूट राजांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. पण नवव्या शतकातल्या अमोघवर्षाच्या लेखात त्याला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हटले आहे. लत्तलूर नावाच्या श्रेष्ठ नगरीचा स्वामी. हे लत्तलूर म्हणजेच आपले लातूर, असे इतिहासकार सांगतात. राज्य दुसरीकडे, राजधानी तिसरीकडे, पण बिरुदात मूळ गाव. साध्या भाषेत सांगायचे तर बाराशे वर्षांपूर्वीचे हे लातूरकरच!

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर घ्या. त्यांच्या नावात वसमतजवळचे कुरुंदा हे गाव आहे. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर ही तर मराठवाड्याची खास घडण. पाटील हा हुद्दा. पण पाटील गावोगाव, तेव्हा कुठले पाटील हे सांगायला पाठीमागे गाव. एका आडनावाने भागले नाही म्हणून दोन.

अशी ही माझी हजेरीची हौस वर्षानुवर्षे निर्वेध चालली होती. यंदा ऑगस्टमध्ये तिला ठेच लागली.

तृतीय वर्षातला एक मुलगा तास संपल्यावर माझ्या खोलीत आला. देगलूरकडचा. शांत, नेहमी तिसऱ्या बाकावर कडेला बसणारा. त्याचे आडनाव इथे लिहीत नाही. ते ‘वाड’ने संपते एवढे सांगितले की पुरे. त्याच्या हातात आडनाव बदलून राजपत्रात छापून घेण्यासाठीचा अर्ज होता. नवे आडनाव त्याने लिहून ठेवले होते. जुन्यात फरक एवढाच, की शेवटच्या ‘ड’च्या जागी ‘र’. ‘कारण’ या शब्दापुढची जागा मात्र कोरी होती.

"सर, इथं काय लिहायचं ते नीट मराठीत सांगा," तो म्हणाला.

"पण बदलायचे कशाला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही वर्गात सगळ्यांच्या आडनावांचं सांगता, सर. माझं आलं की नुसतं हजर लिहून पुढं जाता. तीन वर्षं झाली. म्हणून सुट्टीत मी दुसऱ्याला विचारलं."

सुट्टीत तो मामाकडे निजामाबादला एका दुकानात कामाला होता. तिथल्या तेलुगू मालकाला त्याने विचारले. मालकाने हसत हसत सांगितले, की तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ते’, मानाचे. आणि ‘वाडु’ म्हणजे ‘तो’. मोठ्यांच्या घरांना वारु म्हणतात, बाकीच्यांना वाडु.

"म्हणजे माझ्या आजोबाला, बापाला, मला, सगळ्यांना आडनावातच अरे-तुरे आहे. हे खरं का, सर?"

वाचकहो, मला हे ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच त्या आडनावापाशी मी तीन वर्षे थांबलो नव्हतो. चिंच आणि आंबा सांगताना मौज वाटते. हे सांगताना जीभ अडखळते. मी त्याला म्हटले, "व्याकरण खरे आहे. बाकीचे शुक्रवारी बोलू. अर्ज राहू दे माझ्याकडे."

शुक्रवारपर्यंत चार दिवस होते. ते चार दिवस मी त्याच्या आडनावाला दिले.

प्रथम हे पाहू, की नांदेडच्या मराठी माणसाच्या आडनावात तेलुगू सर्वनाम आले कोठून. नकाशा उघडला की उत्तर मिळते. गोदावरी नांदेडहून धर्माबादकडे जाते आणि पलीकडे बासरला, सरस्वतीच्या देवळापाशी, तेलंगणात शिरते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे सारे तालुके सीमेवर. आणि ही सीमा तरी कधीची? १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचे राज्य. त्यानंतरही १९५६ पर्यंत मराठी, तेलुगू, कानडी असे सगळे एकाच हैदराबाद राज्यात. १९५६ च्या भाषावार वाटणीत किनवट आदिलाबादकडून नांदेडला आले. मुधोळ, भैंसा नांदेडकडून आदिलाबादला गेले. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदरकडून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला मिळाले. तालुके उचलून इकडचे तिकडे ठेवता आले. माणसांच्या नावांत भाषा मिसळल्या होत्या, त्या मात्र वेगळ्या करता आल्या नाहीत. घरात मराठी बोलणारी, एकादशी करणारी माणसे आडनावापुरती तेलुगू राहिली.

आता ‘वार’ आणि ‘वाड’. आपल्याकडे ‘तो आला’ आणि ‘ते आले’ यांत जो फरक, तोच तेलुगूत वाडु आणि वारु यांत. ‘वारु’ अनेकवचनही आहे आणि आदरार्थीही. अमक्या घरची मंडळी म्हणजे अमकेवारु. ‘वाडु’ हे नुसते पुल्लिंगी एकवचन. त्याचा अर्थ ‘तिथला माणूस’, आपल्या ‘वाला’सारखा. शिवी त्यात नाही, हीनपणाही नाही. तेलुगूत रामाचा रामुडु होतो, कृष्णाचा कृष्णुडु. देवालाही हेच एकवचन चालते, जसे आपल्याला विठोबाला अरे-तुरे चालते. पण आडनावांची वाटणी पाहिली की मन कचरते. दुकानदारी, सावकारी, वतनदारी असलेल्या घरांत ‘वार’ अधिक. मजुरीवर, मासेमारीवर, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या घरांत ‘वाड’ अधिक. नियम सरसकट नाही. चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार १९६२ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या नावात ‘वार’ होते, पण बालपण दारिद्र्यात गेले होते. आणि बडोद्याच्या गायकवाडांचा या तेलुगू ‘वाड’शी काही संबंध नाही, त्यांचे नाव गाय आणि कवाड यांवरून आले असे परंपरेने सांगतात. हे सगळे खरे. तरीही त्या मुलाच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हते.

उत्तर शोधताना मला नळदुर्गची सहल आठवली. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांना तो किल्ला पाहायला नेले होते. लातूरहून बसने गेलो, वाटेत तुळजापूरला देवीचे दर्शन घेतले. किल्ल्यात फिरताना मी सांगितले, की १८५३ साली निजामाने कंपनी सरकारला कर्जापोटी काही मुलूख तोडून दिला, त्यात हा भाग होता. आणि त्यावर जो साहेब अधिकारी म्हणून आला, तो मेडोज टेलर. तेव्हा याच मुलाने हळूच विचारले होते, "सर, हा साहेब शिंपी होता का?" सगळे हसले. मीही हसलो होतो. आता वाटते, त्या सहलीतला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता.

टेलर शिंपी नव्हता. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला, पंधरा वर्षांचा असताना मुंबईला नशीब काढायला आला, पुढे निजामाच्या नोकरीत शिरला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली निघाली आणि विलायतेत गाजली. ‘तारा’ ही त्याची दुसरी कादंबरी १८६३ ची. तिची सुरुवात आपल्या तुळजापुरातली. पण त्याचा कुणी खापरपणजोबा कात्री घेऊन बसलेला असणार, हे नक्की. आडनावच तसे सांगते.

इंग्लंडातली आडनावेही फार पुरातन नाहीत. एक हजार वर्षांपूर्वी तिथल्या बहुतेकांना एकच नाव असे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी ते राज्य जिंकले. पुढच्या तीनशे वर्षांत सरदारांपासून कुणब्यांपर्यंत हळूहळू आडनावे रुळली. कारण सरळ होते. एका गावात दहा जॉन. जमिनीच्या वहीत आणि कराच्या यादीत कुठला जॉन ते कसे लिहायचे? १३७७ ते १३८१ या चार-पाच वर्षांत तिथे तीनदा डोईपट्टी बसली. कारकून दारात उभा राहिला आणि विचारू लागला, कुठला जॉन? मग शेजाऱ्यांनी जे सांगितले ते लिहिले गेले. लोहारकाम करणारा तो स्मिथ. टेकडीवर राहणारा तो हिल. जॉनचा मुलगा तो जॉन्सन. ठेंगणा तो शॉर्ट. धंदा, गाव, बाप आणि टोपणनाव, या चार खुंट्यांवर सगळी इंग्रजी आडनावे टांगलेली आहेत. आपलीही तशीच. निजामाच्या कागदांत ‘रामा वल्द भीमा’ लिहीत. म्हणजे भीमाचा मुलगा रामा. रामा साहेबाच्या देशात जन्मला असता तर जॉन्सनच्या शेजारी बसला असता.

टेलर या शब्दाची गोष्ट याहून बोलकी. कापड शिवणाऱ्याला इंग्रजीत आधीचा शब्द होता ‘सीमर’, म्हणजे शिवण घालणारा. ‘टेलर’ हा राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेतून आला. मूळ अर्थ कापणारा. काम एकच, सुई-दोरा तोच. पण दरबाराची भाषा फ्रेंच, म्हणून त्या भाषेतले नाव उजवे ठरले. सीमर आडनाव आजही आहे, पण क्वचित. टेलर मात्र तिथल्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक. पुढे स्मिथ लोकांपैकी काहींना लोहारपण नकोसे झाले, तेव्हा त्यांनी स्पेलिंगमध्ये एक-दोन अक्षरे फिरवून उच्चारही वेगळा केला. माझ्या विद्यार्थ्याने ‘ड’चा ‘र’ करावा, तसेच ते.

आणि आता सर्वांत मौजेची गोष्ट. या टेलरचे मधले नाव मेडोज. हेही मुळात आडनावच, अर्थ कुरण. आपल्या लोकांच्या जिभेला मेडोज कसे वळणार? त्यांनी त्याचा ‘महादेवबाबा’ करून टाकला. साहेबाचे आडनाव शिंपी, मधले नाव गवताचे रान. आपल्या रयतेने त्याला कैलासावर नेऊन बसवले. का? तर तो लोकांचे ऐकून घेई, आणि त्याच्या हाती अधिकार होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पहिलीने प्रेम मिळाले, दुसरीने ‘बाबा’ मिळाले. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. टेलरच्या मूळ नावाचा अर्थ एकाही माणसाने विचारला नव्हता. नाव हे ज्याचे असते त्याने केलेले नसते. पुकारणाऱ्याने केलेले असते. त्यात जो मान किंवा अवमान असतो, तो पुकारणाऱ्याच्या मनातला. ‘वाड’ हा त्या मुलाच्या आजोबांविषयीचा पुरावा नाही. त्यांना ज्यांनी हाक मारली, त्यांच्याविषयीचा पुरावा आहे.

रात्री जेवताना हे मी मोठ्या उत्साहाने सौ.ला सांगितले. ती पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "एका अक्षरासाठी एवढा आकांत. आमचे आख्खे आडनाव मांडवात बदलता, तेव्हा कुणी कोश उघडत नाही."

मी म्हटले, "आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव बापाच्या आधी लिहायचे असते."

"आईचे नाव. आईचे आडनाव नव्हे," ती म्हणाली आणि पोळी माझ्या ताटात वाढली. या विषयावर मी पुढे बोललो नाही.

शुक्रवारी मुलगा आला. मी त्याला माझा सगळा शोध सांगितला. शेवटी म्हणालो, "बदलायचे तर त्यात पाप नाही. आपल्याकडे थोरांनी नावे बदलली आहेत. बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. आंबडवे हे गाव, त्यावरून पुढे आंबेडकर. तू ज्या विद्यापीठाची पदवी घेणार, त्या नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. ते पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतला आणि आडनाव टाकून दिले. तुझ्या पदवीच्या कागदावर सर्वांत वर जे नाव असेल, त्याला आडनावच नाही. तुर्कस्तानात तर १९३४ साली कायदाच झाला, की प्रत्येकाने आडनाव घ्यावे; माणसांनी बसून निवडले. तेव्हा तुझा अधिकार आहे. फक्त लाज वाटते म्हणून बदलू नकोस."

त्याने सगळे ऐकले. "बरं, सर," म्हणाला आणि गेला. माझ्या इतक्या विद्वत्तेवर ‘बरं’ एवढाच शेरा मिळाला.

पुढच्या आठवड्यात त्याचे वडील आले. बरोबर नव्या मुगाची लहानशी पिशवी. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मुलगा दाराशी उभा.

"लेकरू ऐकंना झालंय, सर," ते म्हणाले. "बदलायचं तर बदलू द्या. पण माझ्या टीसीवर, बापाच्या फेरफारावर सगळीकडं हेच हाय. उद्या जातीच्या दाखल्याला, पडताळणीला अडचण आली तर ते तुम्हीच त्याला समजून सांगा."

हा मुद्दा माझ्या चार दिवसांच्या शोधात कुठेच आला नव्हता. मी म्हटले, "आणि त्या ‘वाड’चे? त्याला जे लागले आहे ते?"

ते जरा हसले. "सावकार माझ्या बापाला ‘आरं’ म्हणायचा. आडनावामुळं नाही म्हणायचा. आडनाव त्याला कुठं माहीत होतं? आडनाव आम्हालाच नव्हतं. मला शाळेत घातलं तवा गुरुजीनं इचारलं, आडनाव काय लिहू? बाप म्हणला, लोक म्हणत्यात ते लिहा. गुरुजीनं लिहिलं." मग दाराकडे पाहून मुलाला म्हणाले, "आधी लोक म्हणले, मग वहीत आलं. आता तू वहीतलं खोडलालास. खोड. पण लोकांचं काय करलालास?"

मी नळदुर्ग, लिव्हरपूल आणि निजामाबाद फिरून जिथे पोहोचलो होतो, तिथे हा गृहस्थ लहानपणापासून राहत होता.

निघताना त्यांनी मला विचारले, "नाव बदललं तर ‘अहो’ म्हणतील का, सर?"

मला उत्तर देता आले नाही. ते माझ्यावर रागावले नाहीत. मुगाची पिशवी टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी हजेरीपट उघडला. यंदाचा आठवडा कधीच संपला होता, तरी आडनावांनीच हजेरी घ्यायचे ठरवले. देशमुखांपाशी आलो. उत्तर नाही. मी म्हणालो, "देशमुख आले नाहीत का आज?" पाच-सात नावे पुढे गेली. एक ‘वाड’ आले. हे दुसऱ्या मुलाचे. उत्तर नाही. मी म्हणालो, "हा आला नाही का आज?"

आणि माझे पेन थांबले.

दोघेही वीस वर्षांची मुले. दोघांचेही बाप माझ्या ओळखीचे नाहीत. एक ‘आले नाहीत’, दुसरा ‘आला नाही’. हे मी ठरवून म्हटले नव्हते. म्हणूनच ते अधिक वाईट होते. किती वर्षे असे चालले असेल? तेलुगू सावकार गेला, निजाम गेला, टेलरसाहेब १८७६ साली देवाघरी गेला. ‘वारु’ आणि ‘वाडु’ मात्र लातूरच्या कॉलेजात, मराठीच्या तासाला, मराठीच्या प्राध्यापकाच्या तोंडी जसेच्या तसे शिल्लक. आणि मुलाला मी सांगत होतो, की दोष पुकारणाऱ्याचा.

मी तिसऱ्या बाकाकडे पाहिले. तो खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होता. त्याने ऐकले होते की नाही, कुणास ठाऊक. बहुधा ऐकले असावे. तीन वर्षे ऐकतच होता.

मी हजेरीपट मिटला आणि पुन्हा पहिल्यापासून उघडला. साठही जणांना मी ‘आले का’ असे विचारत गेलो. कुलकर्णी आले का? मठपती आले का? पाटील, चारही आले का? वर्गात खसखस पिकली. एक धीट मुलगी म्हणाली, "सर, आज आम्हांला एवढा मान?" तिसऱ्या बाकापाशी आलो. त्याचे आडनाव पूर्ण, सावकाश उच्चारले. वाड म्हणजे काय, ते तेलुगूत कुठून आले, देवालाही तेच कसे लागते, सगळे सांगितले. ‘वार’ कुणाला आणि ‘वाड’ कुणाला मिळाले, तेही गाळले नाही. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. मग विचारले, "आले का?"

तो उभा राहिला. "आलोय, सर."

हजेरीत तो तास गेला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक दारातून डोकावून गेले.

अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ‘कारण’पुढची जागा कोरीच. दिवाळीच्या सुट्टीला गावी जाण्यापूर्वी तो भेटायला आला, तेव्हा मी विचारले, "लिहू का?"

"राहू द्या, सर. परीक्षा झाल्यावर बघू," तो म्हणाला.

परीक्षेनंतर त्याने मागितला, तर मी जागा भरून देईन. कारण त्याने सांगायचे. मराठी तेवढी माझी. तोपर्यंत मला दुसरे काम आहे. वीस वर्षांच्या मुलांना ‘आले का’ म्हणायची जिभेला सवय लावायची आहे. वाटते तेवढे ते सोपे नाही. परवा पुन्हा एकदा चुकलो.